सेवाभाव पुरेसा असता तर कॉलेज निघालंच नसतं

‘समाजसेवेला डिग्री कशाला?’ हा आपल्या पेपरातला लेख वाचला आणि अजिबात पटला नाही. मनात कळकळ असली की झालं, असं लेखकाचं म्हणणं, पण समाजकार्य हा विषय कॉलेजात आला तोच मुळी नुसत्या कळकळीवर भागत नाही हे लक्षात आल्यामुळे. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धर्मादाय काम करणाऱ्या संस्थेने आपल्याच कार्यकर्त्यांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी कोर्स काढला, कारण मदत वाटली जायची पण ते कुटुंब अडचणीत का आलं हे नीट कोणी तपासायचं नाही, आणि त्याच कोर्सची पुढे कोलंबिया युनिव्हर्सिटीची समाजकार्य शाळा झाली. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने अशी शाळा निघाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले डायरेक्टर, आणि ते त्याआधी तिथल्याच वस्तीत दहाएक वर्षं काम करत होते, म्हणजे आधी वस्ती, मग वर्ग. (लेखात याचा उल्लेखही नाही याचं नवल वाटलं.)

आजही समाजकार्याच्या कोर्सचा मोठा भाग फील्डवर्कचा असतो, विद्यार्थी हॉस्पिटलात, वस्तीत, बालगृहात जातात, रिपोर्ट लिहितात आणि सुपरवायझर तो तपासतात. सासर सोडून आलेल्या बाईला कायद्याने काय मिळू शकतं हे माहीत नसलेला माणूस कितीही प्रेमळ असला तरी तिला चुकीच्या ऑफिसात पाठवेल. फी जास्त आहे ही लेखकाची तक्रार मात्र मान्य, त्यावर वेगळा लेख यायला हवा.

— एक वाचक