निरोगी हार्ड डिस्कला ‘फेल’ ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : वॉरंटीतील डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कचे चुकीचे निदान, त्यापोटी घेतलेले शुल्क आणि झालेले नुकसान

महोदय / महोदया,

मी मिरजेत पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करते. आपल्या कंपनीचा डेस्कटॉप मी तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसह घेतला आणि माझे घर त्याच्यावरच चालते. हा संगणक सुरू होईनासा झाला तेव्हा आपल्या सर्व्हिस सेंटरने ‘हार्ड डिस्क फेल’ असा शेरा मारून डिस्क बदलली. ती डिस्क फेल नव्हती. बिघडली होती ती तिच्यावरची डिरेक्टरी, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद. हा फरक आपल्या माणसांनी तपासला नाही, उलट माझीच डिस्क मला परत देण्यासाठी ४,२०० रुपये घेतले. त्याबद्दल ही लेखी तक्रार.

मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू असताना लाइट गेली आणि यूपीएसने भार घेण्याआधीच संगणक बंद पडला. त्या वेळी पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये फाइल सेव्ह होत होती. लाइट आल्यावर विंडोज सुरूच होईना. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची पाटी यायची, गोल फिरत राहायचे, संगणक आपोआप रीस्टार्ट व्हायचा आणि पुन्हा तीच पाटी. रिपेअरच्या पर्यायांतून कमांड प्रॉम्प्ट उघडून सी ड्राइव्हवरची यादी मागितली, तर ‘द फाइल ऑर डिरेक्टरी इज करप्टेड अँड अनरीडेबल’ असे उत्तर आले. विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बायॉसमध्ये मात्र डिस्कचे नाव आणि १ टीबी ही पूर्ण क्षमता व्यवस्थित दिसत होती. डिस्कमधून टकटक किंवा घरघर असा कसलाही आवाज नव्हता.

हे सगळे मी आपल्या हेल्पलाइनवर याच क्रमाने सांगितले. ‘डिरेक्टरी करप्टेड’ हे शब्द वाचून दाखवले. पलीकडच्या ताईंनी ऐकून घेतले आणि ‘रीसेट धिस पीसी’ करा, म्हणून सांगितले. मशीनमध्ये चालू कामाच्या फाइली आहेत, त्यांचे काय होईल, असे विचारले. त्यावर ‘मॅडम, प्रोसेस हीच आहे’ एवढेच उत्तर मिळाले. मी रीसेट केले नाही. बिघडलेल्या नोंदींवर नव्याने विंडोज चढवली की जुन्या फाइली जिथे पडून असतात त्या जागांवर नवे लिखाण बसते, आणि एकदा ते बसले की कोणी काही करू शकत नाही. ही गोष्ट त्या ताईंना माहीत नसेल तर दोष त्यांचा नाही. त्यांच्यासमोर जो कागद ठेवला आहे तो लिहिणाऱ्यांचा आहे.

त्यानंतर आपला इंजिनिअर येऊन संगणक सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. सोबत जोडलेली जॉबशीट कृपया स्वतः पाहावी. ‘आढळलेला दोष’ या रकान्यात ‘एचडीडी फेल’ आणि ‘केलेली कारवाई’ या रकान्यात ‘रिप्लेस’. कोणती चाचणी घेतली, तिचा निकाल काय आला, याबद्दल एक अक्षर नाही. जुनी डिस्क मागितली तेव्हा, वॉरंटीत बदललेला भाग कंपनीचा होतो, तो हवा असेल तर शुल्क भरा, असे सांगण्यात आले. पावतीवर ‘डिस्क रिटेन्शन चार्ज’ म्हणून ४,२०० रुपये लावले आहेत. ते मी भरले, कारण त्या डिस्कवर जे होते ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

ते काय होते, तेही सांगते. शेतीच्या अवजारांच्या आणि कामांच्या शब्दांचा एक कोश मी जुळवत होते. पाभर, तिफण, कुळव, शिवळ, जोते असे शब्द गावोगाव फिरून गोळा करणारे लेखक निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. प्रुफे वाचणे आता त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही, म्हणून ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी मोठ्याने वाचायचे, ते दुरुस्ती सांगायचे आणि मी ती तिथल्या तिथे फाइलमध्ये करायचे. आधीच्या आठवड्यापर्यंतचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होता. त्यानंतरच्या दुरुस्त्या आणि शेवटची शब्दसूची मात्र फक्त या संगणकात होती. कागदावर त्यांची खूण नाही. आपल्या रिसेप्शनवर मी हे सांगत होते तेव्हा ‘डेटा गेला असेल तर आता काही होत नाही’ हे वाक्य मला डिस्क कोणी उघडूनही न पाहता ऐकवले गेले. सगळ्यात जास्त राग मला याचा आहे.

ती डिस्क मी सांगलीतल्या एका संगणक दुरुस्ती करणाऱ्यांकडे नेली. त्यांनी विंडोजला हातच लावला नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली असलेला पेनड्राइव्ह लावून आधी डिस्कचा स्मार्ट अहवाल काढला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती हीच. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ शून्य, ‘पेंडिंग सेक्टर’ शून्य. म्हणजे डिस्कने एकही खराब जागा बदलून घेतलेली नव्हती आणि वाचता न येणारी म्हणून एकही जागा अडकवून ठेवलेली नव्हती. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि त्यासाठीचे प्रोग्राम फुकट मिळतात. मग त्यांनी ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत घेतली. शेवटच्या घटका मोजणारी डिस्क अशा वेळी जागोजागी अडकते, एकेका जागेवर रेंगाळते. ही डिस्क दोन-अडीच तासांत पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत एकही रीड एरर न देता वाचली गेली. त्या प्रोग्रामच्या अहवालाची आणि स्मार्ट अहवालाची प्रिंट सोबत जोडली आहे.

पुढचे सगळे काम त्यांनी त्या प्रतीवर केले, मूळ डिस्क बाजूला ठेवली. विंडोजची एनटीएफएस ही फाइल व्यवस्था प्रत्येक फाइलची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’मध्ये ठेवते. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा फाटला म्हणून रान वाहून जात नाही, तसे हे टेबल बिघडले तरी फाइली आपल्या जागी असतात. या टेबलाच्या सुरुवातीच्या नोंदींची एक प्रत डिस्कवर दुसऱ्या जागी राखून ठेवलेली असते, ती अशा वेळेसाठीच. माझ्या डिस्कवर टेबलाची सुरुवात बिघडली होती आणि राखीव प्रत शाबूत होती. ‘टेस्टडिस्क’ या मोफत प्रोग्रामने राखीव प्रतीवरून सुरुवात दुरुस्त केल्यावर ड्राइव्ह उघडला. त्यानंतर चेक डिस्क हा विंडोजचाच तपासणी-दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. ज्या फाइलींचा फोल्डरशी संबंध तुटला होता त्या चेक डिस्कने ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवल्या. त्यातच कोशाची शब्दसूची सापडली, तीही स्वतःच्या नावासकट. लाइट गेली त्या क्षणी सेव्ह होत असलेले एक प्रकरण तेवढे अर्धवट निघाले. बाकी सर्व फाइली उघडतात. या कामाचे ६,००० रुपये झाले, त्याची पावती जोडली आहे.

आता आपल्या विभागाकडून आलेल्या ईमेलबद्दल. त्यात वॉरंटीच्या अटींचा आधार देऊन ‘ग्राहकाच्या डेटाची जबाबदारी कंपनीवर नाही’ असे कळवले आहे. ही अट मी वाचलेली आहे. माझा डेटा परत मिळवून द्या, असे मी कधी म्हटलेच नव्हते. दोष काय आहे ते नीट पाहून खरे सांगा, एवढीच अपेक्षा होती, आणि ते वॉरंटीचेच काम आहे. ‘डिस्क चांगली आहे, फाइल व्यवस्था बिघडली आहे, डेटा हवा असेल तर फॉरमॅट करण्याआधी काढून घ्या’ एवढे जॉबशीटवर लिहिले असते तर डिस्क बदलावी लागली नसती, म्हणजे ती ठेवून घेण्याचे शुल्कही लागले नसते. कंपनीचीही एक डिस्क वाचली असती. छापखान्याने कोशासाठी दिलेली तारीखही टळली नसती. ती टळल्यामुळे पुस्तक आता दिवाळी अंकांच्या गर्दीत मागे पडले आहे आणि त्या लेखकांना मला रोज नवी तारीख सांगावी लागते.

माझ्यासारखे कितीतरी जण फोनवर सांगितल्याबरोबर रीसेट करत असतील, किंवा ‘फेल’ ऐकून डिस्क सोडून देत असतील. त्यांच्या मुलांचे फोटो, दुकानाचे हिशेब, प्रबंध त्या डिस्कवर धडधाकट असतील आणि त्यांना ते कधी कळणारही नाही. म्हणून मी फक्त पैशांवर थांबत नाही.

माझ्या मागण्या अशा : डिस्क ठेवून घेण्याचे ४,२०० रुपये आणि चुकीच्या निदानामुळे बाहेर खर्च करावे लागलेले ६,००० रुपये मला परत मिळावेत. जॉबशीटवरचा शेरा लेखी दुरुस्त व्हावा, कारण पुढे वॉरंटीचा काही प्रश्न आला तर त्या खोट्या नोंदीचा त्रास मलाच होणार आहे. संगणक सुरू होत नसल्याचा फोन आला की रीसेट सांगण्याआधी ‘डेटाची दुसरी प्रत आहे का’ हे विचारण्याची सूचना हेल्पलाइनला लेखी दिली जावी. डिस्क फेल ठरवायची असेल तर स्मार्ट अहवाल जॉबशीटला जोडणे सर्व्हिस सेंटरला बंधनकारक करावे. शेवटच्या दोन गोष्टींना कंपनीचा एक रुपयाही खर्च नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे आपले कार्यालय कोणत्या शहरात आहे याने फरक पडत नाही. संगणक व्यवसायासाठी घेतला होता, हा मुद्दाही कृपया काढू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कायद्याने व्यापारी हेतूत मोडत नाही, आणि माझ्या दुकानात मी एकटीच काम करते.

मूळ डिस्क माझ्याकडे जशीच्या तशी सांभाळून ठेवली आहे. आपल्या तज्ज्ञांनी मिरजेला येऊन माझ्यासमोर ती तपासावी, माझी पूर्ण तयारी आहे. ती डिस्क आता पुन्हा आपल्या सर्व्हिस सेंटरच्या ताब्यात मात्र देणार नाही.

कळावे.

आपली ग्राहक,
(सही)
अक्षरजुळणीकार, मिरज, जि. सांगली
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक सोबतच्या जॉबशीटवर आहेत.)