नळकोंडाळ्यावरच्या ताई-दादांचे आभार

ताई-दादांनो, सप्रेम नमस्कार.

निर्वासितांच्या छावणीत धान्याचा ट्रक आला की सगळ्यांना दिसतो. नळकोंडाळ्यावर दिवसभर उभं राहणारं माणूस मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि ज्या गावाने आपल्या विहिरीचं पाणी वाटून घेतलं त्या गावच्या पाणी समितीलाही.

१९९४ मध्ये रवांडाहून शेजारच्या झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमाला आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि काही आठवड्यांत हजारो माणसं गेली. ‘स्फिअर’ची, म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्यासाठी ठरवलेली, किमान मापं अशा अनुभवांतून आली आहेत: माणशी रोज १५ लिटर, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून नळ ५०० मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. ही मापं पाळली जातात ती तुम्ही रांग सांभाळता म्हणून.

क्लोरीनचं काम तर फारच नेटकं. ६५ ते ७० टक्क्यांची पावडर, लिटरला १५ ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ द्रावणच घ्यायचं. १०,००० लिटरच्या टाकीत असं २ लिटर टाकलं की लिटरमागे २ मिलिग्रॅम पडतं. पण प्रत्येक पाणी सारखं नसतं. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आधी तुरटी फिरवून ते निवळून घेणं, मग बादलीत मात्रा तपासणं, टाकीत टाकल्यावर अर्धा तास थांबणं, यातलं काहीही तुम्ही घाईच्या दिवशीसुद्धा गाळलं नाहीत. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की दम जातो, तेही तुमच्या लक्षात असतं.

सगळ्यात मोठे आभार मात्र घरोघरी केलेल्या तपासणीचे. नळावरच्या पाण्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकली की पाणी छान गुलाबी होतं, आणि तेच पाणी संध्याकाळी झोपडीतल्या कॅनमधून घेतलं तर रंगच येत नाही. कॅनच्या आत बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागतो. क्लोरीन तिथेच संपतं. शिवाय भांडं बुडवताना हात पाण्यात जातो. नळावर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं की काम झालं असं मानून तुम्ही वही मिटली नाहीत. मूठभर बारीक खडी आणि थोडं क्लोरीनचं पाणी घालून कॅन खळखळून कसा धुवायचा, बूच का लावायचं, हे दारोदारी करून दाखवलंत. टाकीत मात्रा किती वाढवायची, हेही त्या घरातल्या आकड्यांवरूनच ठरलं.

आणि गावकऱ्यांनो, पाहुण्यांची संख्या गावापेक्षा वाढली की विहिरीची पातळी उतरते, मग कुरबुर होणारच. ती रास्त आहे. गावातही तेवढेच नळ हवेत, असा तुमचा आग्रह बरोबर होता. उपसा बंद करून पातळी स्थिरावल्यावर दर आठवड्याला फीत सोडून ती मोजणं आणि दोन्हीकडच्या माणसांसमोर वहीत लिहिणं तुम्ही सुरू केलंत, आणि भांडणाच्या जागी आकड्यांवर बोलणं आलं. उन्हाळ्यात उपशाचे तास कमी करायचा निर्णय त्या वहीवरूनच झाला, दोघांसाठी सारखा.

तुमचे,
पाणी आणि स्वच्छतेच्या कामातले सहकारी