कॉम्प्युटरशेजारी ठेवायचं पत्र

बंगळूर, मंगळवार रात्र

ती. आई आणि बाबांना सा. न.

रविवारी पावणेदोन तास फोनवर होतो आणि शेवटी पेपरचं पान उघडलं, तेव्हा आई "आलं गं, आलं!" म्हणून जी ओरडली ते अजून कानात आहे. पण मी नुसतं हे दाबा, ते बंद करा सांगत सुटले होते. बिघडलं काय होतं ते सांगायचं राहूनच गेलं. बाबा, कारण समजल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. कागदावर मुद्दाम लिहिलंय. नेट बंद पडलं की मगच हे पत्र लागणार, आणि तेव्हा ईमेल उघडणार नाही.

आधी मनातलं एक बोलते. नऊ दिवस नेट बंद होतं आणि मला ते आईकडून कळलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "माझ्याच हातानं आलं, तुला कशाला त्रास द्यायचा." मला त्याचं फार वाईट वाटलं. आजोबांच्या आठवणी तुम्ही वीस वर्षांपूर्वी रात्र रात्र बसून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. आता त्या फायली उघडल्या की नुसती अगम्य चिन्हं दिसतात, म्हणून तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत, आणणारं काहीतरी तुम्ही शोधायला गेलात. तुम्ही जिथून उतरवून घेतलंत ते पान मी माझ्याकडे उघडून पाहिलं. त्यावर 'डाउनलोड' लिहिलेली चार मोठी हिरवी बटणं आहेत, आणि खरी लिंक खाली बारीक अक्षरात. चुकीचंच बटण दाबलं जावं म्हणून ते पान तसं रचलेलं आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी माणसंही तिथे फसतात. तुमच्या हातून काही वावगं झालेलं नाही.

आता कारण. त्या फुकटच्या प्रोग्रॅमबरोबर जे आत शिरलं, त्यानं स्वतःला प्रॉक्सी म्हणून बसवलं. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. समजा, आपल्या वाड्यात एक उपरा येऊन राहिला आणि त्यानं परस्पर पोस्टात सांगून टाकलं की या घरचं सगळं टपाल आधी माझ्याकडे द्या. तो ते चाळणार, मध्ये स्वतःच्या जाहिराती घालणार आणि मग पुढे पाठवणार. म्हणून पहिले काही दिवस तुम्ही शोधायचात एक आणि उघडायचं भलतंच. मग तुम्ही अँटीव्हायरस चालवलात आणि त्यानं त्या उपऱ्याला हाकललं. हे तुम्ही अगदी बरोबर केलंत. पण पोस्टातली सूचना तशीच राहिली. टपाल अजूनही त्याच्याच खोलीत जात होतं आणि खोली रिकामी. म्हणून साफसफाई झाली त्याच दिवसापासून एकही पान उघडेना.

आई, खरी गुरुकिल्ली तुझ्या हाती लागली. "त्याच वायफायवर माझ्या मोबाइलवर कीर्तन लागतंय की," असं तू म्हणालीस तिथेच मला कळलं की लाइन आणि राउटर ठीक आहेत, दुखणं कॉम्प्युटरच्या आत आहे. लाइनवाला माणूस दोनदा येऊन गेला होता, दुकानदारानं सगळं फॉरमॅट करा असं सांगितलं होतं, पण तुझ्यासारखं मोबाइल लावून कुणी पाहिलं नव्हतं. बाबा, फॉरमॅटला तुम्ही नाही म्हणालात ते किती बरं केलंत. आजोबांच्या फायलींची दुसरी प्रत कुठेच नाही.

पुन्हा असं झालं तर पहिलं पाऊल हेच: मोबाइलवर तेच वायफाय चालतंय का पाहा. चालत असेल तर कॉम्प्युटरवर खिडकीच्या चिन्हावर टिचकी मारा, मग दातेरी चाक, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', आणि डावीकडच्या यादीत अगदी खाली 'प्रॉक्सी'. तिथे 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' हे बटण बंद असायला हवं. आपल्याकडे ते चालू होतं आणि पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ होतं. हा आकडा लक्षात ठेवा. प्रत्येक कॉम्प्युटरसाठी त्याचा अर्थ 'मी स्वतः' असा होतो. म्हणजे आपला कॉम्प्युटर बाहेर जाण्याऐवजी स्वतःचंच दार ठोठावत बसला होता. त्याच पानावर 'यूज सेटअप स्क्रिप्ट' असतं, तेही बंद हवं. 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' मात्र चालू राहू द्या.

सोमवारी सकाळी ते बटण आपोआप पुन्हा चालू झालं आणि तुमचा आवाज एकदम खचला. त्याचंही कारण आहे. कॉम्प्युटर सुरू होताच ती सूचना नव्यानं लिहायची, असं एक काम 'टास्क शेड्यूलर'मध्ये, म्हणजे विंडोजनं आपोआप करायच्या कामांच्या यादीत, मागे राहिलं होतं. अँटीव्हायरसनं मुख्य फाइल काढली, हे राहून गेलं. तुम्ही व्हिडिओ कॉलवर मोबाइल स्क्रीनसमोर धरलात म्हणून ते दिसलं. त्याची तारीख आणि तुम्ही तो प्रोग्रॅम घेतला ती तारीख एकच होती. क्रोममधलं अनोळखी एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, तेही त्याच दिवसाचं. दोन्ही काढली, मग क्रोमच्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. आई, तुझे रेसिप्यांचे बुकमार्क त्यानं जात नाहीत, सगळे जागेवर आहेत.

प्रॉक्सी बंद असूनही पानं उघडली नाहीत तर पुढच्या जागा तीन. एक 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल, जिच्यात कुठल्या नावाला कुठला पत्ता हे परस्पर लिहून ठेवता येतं. अँटीव्हायरसच्या साइट उघडू नयेत म्हणून असले प्रोग्रॅम तिथे खाडाखोड करतात. आपली मी पाहिली, स्वच्छ आहे. दुसरी जागा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी नोंदवही. तिसरी विनसॉक, विंडोजमधली नेटची साखळी. तिच्यात घुसलेली कडी उपटून काढली की अख्खी साखळी तुटते. ती जोडायची एक आज्ञा आहे, मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. ती फोनवर अक्षरनअक्षर सांगेन, एकट्यानं करू नका.

डीएनएसवरून एक खरी हकीकत सांगते, तुम्हाला आवडेल. 'डीएनएसचेंजर' नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरातल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांची ही नोंदवही बदलून ठेवली होती. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहा जणांना अटक झाली आणि त्यांचे सर्व्हर अमेरिकेच्या एफबीआयनं ताब्यात घेतले. पण ते लगेच बंद केले असते तर त्यांच्यावर विसंबलेल्या लाखो लोकांचं नेट त्याच क्षणी गेलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीनं त्या जागी चांगले सर्व्हर लावले आणि लोकांना कॉम्प्युटर दुरुस्त करायला ९ जुलै २०१२ पर्यंत मुदत दिली. चोर पकडला म्हणून घर लगेच चालू होत नाही, हे त्यांनाही सांभाळावं लागलं. आपल्या वाड्यात झालं ते हेच.

आता एक काम राहिलंय आणि त्याची मला खरी काळजी आहे. तो मधला माणूस काही दिवस तिथे होता. बँकेची पानं सहसा कुलूपबंद येतात, त्यामुळे मधल्याला आतलं दिसत नाही. ते कुलूप उघडायला असे प्रोग्रॅम कधीकधी स्वतःचं खोटं प्रमाणपत्र बसवतात. आपल्याकडे तसं काही सापडलं नाही. तरी मला जोखीम नको. पासवर्ड बदला, आणि ते मोबाइलवरून बदला. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथे येतात. मग बँक, मग पेन्शन. महिनाभर पासबुकावर नजर ठेवा. एखादा व्यवहार अनोळखी दिसला तर माझ्या फोनची वाट न बघता आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करा, मग बँकेला, मग मला.

आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही काढून देतो" असा फोन आला, किंवा स्क्रीनवर फोन नंबरासकट लाल इशारा आला, तर बोलू नका, नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. आई, हे तुलाही सांगतेय, दुपारी फोन तूच घेतेस.

कॉम्प्युटर आता बारा वर्षांचा झाला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याच्यावर चालत नाही. गणपतीत येईन तेव्हा नवा घेऊ. बाबा, आताच नको म्हणू नका.

तोवर आजोबांच्या त्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन कुरिअरनं माझ्याकडे पाठवा. अक्षरं मी इथे बदलून घेते आणि मोठ्या टाइपात छापून आणते. जोडाक्षरं बदलताना तुटतात, विशेषतः रफार आणि ऱ्हस्व इकार, तेव्हा ताडून तुम्हालाच पाहावं लागेल. विहिरीच्या भांडणाचं प्रकरण आधी पाठवा, ते मी कधी पुरतं वाचलेलंच नाही.

रविवारी अकराला फोन करते.

तुमची,
मनू