जिचं खरंच जळतं ती हसत नाही, हे कुणी ठरवलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोंबिवलीत आमचा एक छोटा वाचनकट्टा आहे, आठ-नऊ बायका आणि दोन पुरुष. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि मग बोलायचं. या वेळी अमेरिकन लेखिका नोरा एफ्रॉनची ‘हार्टबर्न’ (म्हणजे छातीतली जळजळ) ही कादंबरी होती. इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं, चहा तसाच गार झाला आणि दोघी जणी एकमेकींशी न बोलता जिना उतरून गेल्या. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते कुणाला तरी सांगायचंय म्हणून हे पत्र. तुमच्या पुरवणीत पुस्तकांवर बरंच येतं, जागा असेल तर छापा.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरी १९८३ ची, दोनशे पानांच्या आतली. रेचल स्वयंपाकाची पुस्तकं लिहिते, सात महिन्यांची गरोदर आहे, एक लहान मुलगा आहे, नवरा वॉशिंग्टनमधला नावाजलेला पत्रकार, आणि अशात तिला कळतं की नवरा दुसऱ्याच बाईच्या प्रेमात आहे, तीही ओळखीतली आणि लग्न झालेली. मग ती मुलाला घेऊन न्यूयॉर्कला वडिलांच्या घरी जाते, नवरा न्यायला येतो, ती परत जाते, परत कळतं की ते प्रकरण काही थांबलेलं नाहीये, आणि शेवटी ती निघते. हे सगळं रेचल विनोद करत करत सांगते आणि मध्येच रेसिपी देते, उकडलेल्या अंड्याची, मॅश केलेल्या बटाट्याची. वाचताना खूप ठिकाणी मला मोठ्याने हसू आलं. कुणीही नवरा जेवायच्या टेबलावर बसून ‘लोणी कुठंय?’ विचारतो तेव्हा त्याचा अर्थ ‘उठ आणि आणून दे’ असा असतो, हे ती तिच्याकडच्या यहुदी नवऱ्यांबद्दल सांगते. आमच्याकडे तो टॉवेल असतो एवढाच फरक, हे कट्ट्यावर सगळ्या एकदम बोलल्या, तेवढ्यापुरतं एकमत होतं.

भांडण त्यानंतर सुरू झालं. एकीचं म्हणणं, रेसिपींमुळे गोष्टीची लय तुटते. दुसरी म्हणाली की ही बड्या लोकांची दुःखं आहेत, वीकेंडला जायला वेगळं घर, बोलायला थेरपिस्ट, रागावून उठून गेलं तर न्यूयॉर्कमध्ये फ्लॅट, आपल्याकडे बाईला माहेरी जायचं तर भावजयीचा चेहरा बघावा लागतो. यात तथ्य आहे आणि मी वाद घातला नाही. कट्ट्यावरचे एक काका म्हणाले, नवऱ्याची बाजू कुठेच येत नाही, एकतर्फी आहे. तेही खरं, पण गोष्ट सांगणारी ती आहे, तिने त्याचं वकीलपत्र का घ्यावं?

पण मग कट्ट्यावरच्या सगळ्यात ज्येष्ठ बाई, ज्यांच्या वाचनाचा मला मनापासून आदर आहे, त्या म्हणाल्या, ‘हे सगळं खोटं आहे गं, जिचं खरंच जळतं ती हसत नाही.’ आणि निम्म्या जणींनी माना डोलावल्या. माझं सगळं पत्र या एका वाक्याबद्दल आहे.

पहिलं म्हणजे हे खोटं नाहीये. एफ्रॉनचं लग्न १९७६ साली कार्ल बर्नस्टीनशी झालं, अमेरिकेच्या अध्यक्षांना पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणाऱ्या दोघा पत्रकारांपैकी एक. १९७९ मध्ये दुसऱ्या मुलाच्या वेळी गरोदर असताना तिला त्याचं प्रकरण कळलं, ती बाई ब्रिटिश राजदूताची पत्नी होती. म्हणजे जळलं होतं, आणि सगळ्या वॉशिंग्टनसमोर जळलं होतं. तिची आई पटकथा लिहायची आणि मुलींना सांगायची की आयुष्यात जे घडतं ते सगळं लिखाणाचं सामान आहे. कादंबरीत शेवटाकडे रेचलला विचारतात की तू प्रत्येक गोष्टीची गोष्ट का करतेस, आणि तिचं उत्तर साधारण असं आहे की मी सांगितली तर ती कशी सांगायची ते माझ्या हातात राहतं, आणि लोकांनी माझी कीव करण्यापेक्षा ते हसलेले मला परवडतील. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसले होते, कारण मला माझी आत्या आठवली.

आत्याला नवऱ्याने टाकलं होतं, बार्शीला. ती आमच्याकडे राहायची. आम्ही पोरं दर उन्हाळ्यात तिच्याकडून एकच गोष्ट परत परत ऐकायचो, ती सासर सोडून एसटीने आली त्या दिवसाची. वडिलांनी लग्नात दिलेला पाटा-वरवंटा ती घेऊन निघाली होती आणि कंडक्टर म्हणाला, याचं लगेज लागेल. ही म्हणाली, पाट्याचं घ्या, पण वरवंटा पाट्याचं पोर आहे, बारशाला पाळण्यात आधी त्यालाच घालतात की नाही, मग त्याचं अर्धंच तिकीट घ्या. मग अर्धी एसटी कंडक्टरच्या बाजूने आणि अर्धी हिच्या बाजूने भांडायला लागली, एका म्हाताऱ्याने तर वरवंटा मांडीवर घेऊन पोर झोपलंय म्हणून सांगितलं. आत्या त्या सगळ्यांचे आवाज काढायची आणि आमचं पोट दुखायचं हसून. मी चोवीस वर्षांची होते तेव्हा आईने मला सांगितलं की आत्याचं बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं होतं, बारसंसुद्धा झालं नव्हतं, आणि त्यानंतर महिनाभरात नवऱ्याने दुसरी आणली होती. त्या गोष्टीत नवरा कुठंच नव्हता. बाळ मात्र होतं, दर उन्हाळ्यात होतं, आणि आम्ही हसत होतो.

मला कुणी सांगू नये की आत्याचं जळत नव्हतं.

आणि मराठी वाचकाने तर हे म्हणूच नये. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहे, १९३४ ते ३६ मध्ये आलेली. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, मग जवळजवळ पाच वर्षं ही बाई नवऱ्यापासून वेगळी, पदरी मूल, आजूबाजूला बोलणारे लोक, आणि त्याआधीही टिळकांचा तापट स्वभाव आणि न सांगता कुठेही निघून जाणं सोसलेलंच होतं. ते सगळं लक्ष्मीबाई ज्या मिश्कीलपणे सांगतात त्याला आपण मराठीतलं लेणं म्हणतो, शाळेत धडा लावतो. त्यांना कुणी म्हणत नाही की बाई तुमचं दुःख खोटं. लक्ष्मीबाईंची माया शेवटपर्यंत टिकली आणि एफ्रॉनचा संसार मोडला, हा फरक मोठा आहे, मला कळतो, पण हसण्याचा हक्क फक्त टिकलेल्या संसारालाच असतो का? १९९० मध्ये सुनीता देशपांडेंचं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हाही निम्मे वाचक म्हणत होते, घरातलं बाहेर कशाला, आणि ते पुस्तक तर विनोदी नव्हतं. म्हणजे बाईने गंभीरपणे सांगितलं तर चव्हाट्यावर आणलं आणि हसून सांगितलं तर खोटं!! एफ्रॉननेही पुढे लिहिलंय की फिलिप रॉथ, जॉन अपडाइक हे कादंबरीकार आपल्या मोडलेल्या लग्नांवर पुस्तकामागून पुस्तक लिहीत होते तेव्हा कुणी त्यांना म्हटलं नाही की ही कसली कादंबरी, ही तर नुसती नावं बदललीत.

एक आक्षेप मात्र माझ्याही मनातून जात नाही, मुलांचा. बापाची अशी गोष्ट मोठं झाल्यावर मुलांनी वाचायची. बर्नस्टीनने या कादंबरीवरच्या फिल्मच्या बाबतीत घटस्फोटाच्या करारात अट घातली होती की बाप म्हणून त्याला प्रेमळच दाखवायचं, ती फिल्म १९८६ ला आली, मेरिल स्ट्रीप आणि जॅक निकल्सनची. मोठ्या मुलाने, जेकबने, आई २०१२ मध्ये गेल्यावर तिच्यावर एक डॉक्युमेंटरी केली, त्यात वडीलही बोललेत. त्यावरून मुलांना किती लागलं किंवा नाही लागलं हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये असं मला वाटतं. यात मी ज्येष्ठ बाईंच्या बरोबर आहे, आणि त्यांना तसं फोनवर सांगितलंही.

फोनवरच आमचं परत भांडण झालं, कादंबरीच्या शेवटावरून. रेचलच्या नवऱ्याला सॅलडवरचं तिचं व्हिनेग्रेट फार आवडायचं, आणि ती रीत तिने त्याला कधीच शिकवली नव्हती, तेवढ्यासाठी तरी तो राहील असं तिला वाटायचं. निघायच्या आधी ती त्याला ते करून दाखवते, दोन चमचे मस्टर्ड, दोन चमचे रेड वाइन व्हिनेगर, फेटत फेटत सहा चमचे ऑलिव्ह ऑइल. बाई म्हणाल्या, बघ, शेवटी हरलीच, देऊन गेली. मी म्हटलं, अहो, आता त्याला धरून ठेवायचंच नाहीये म्हणून दिली. त्या काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तुझ्या त्या आत्याची एसटीची गोष्ट पुढच्या वेळी कट्ट्यावर सांग, सगळे आवाज काढून.’

सांगणार आहे. कंडक्टरचा आवाज मला अजून तिच्यासारखा जमत नाही, तालीम चालू आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)