विषय: चुकीच्या मापाची व्हीलचेअर परत घेऊन पैसे परत करणे आणि माप घेण्याची पद्धत तातडीने बदलणे

सहकारनगर, पुणे ४११००९

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय / महोदया,

जूनमध्ये तुमच्या संकेतस्थळावरून १४,८०० रुपये भरून मी कुत्र्याच्या मागच्या पायांसाठीची व्हीलचेअर मागवली. बिल, फोटो आणि तुमच्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. ग्राहक सेवेला चार वेळा लिहून झाले आहे. चारही वेळा 'वापरलेला माल परत घेतला जात नाही' एवढेच उत्तर आले, म्हणून आता थेट तुम्हाला लिहीत आहे.

आमची शेंगी सात वर्षांची डॅशहुंड आहे, वजन साडेआठ किलो. एप्रिलमध्ये एका सकाळी ती उठली ती पुढच्या दोन पायांवरच. मागचा भाग फरशीवर ओढत स्वयंपाकघरापर्यंत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. लांब पाठीच्या या जातीत हा आजार फार आढळतो. पायाचे बोट जोरात चिमटले की तिला कळत होते, म्हणजे आशा होती. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. आता तिला चालवायचं ते तुम्ही, घरी."

त्या दिवसापासून आमचे घड्याळ शेंगीच्या पायांवर चालते. दिवसातून तीनदा तिला कुशीवर निजवून एकेक पाय सायकल मारल्यासारखा हलवायचा, म्हणजे सांधे आखडत नाहीत. बोटांच्या बेचक्यात हलकेच गुदगुली करायची, तिने पाय आखडून घ्यावा म्हणून. मग पोटाखालून जुना टॉवेल घालून चार पायांवर उभी करायची. पंजा उलटा पडला की हाताने सरळ ठेवायचा आणि पुन्हा उलटा पडला की पुन्हा सरळ. लघवी आपोआप होत नव्हती तेव्हा ठरावीक वेळाने मूत्राशय दाबून काढायची. हे माझे पती डॉक्टरांकडून शिकले. चकचकीत फरशीवर तिचे पाय फाकत होते, म्हणून बैठकीपासून बाल्कनीपर्यंत योगासनांच्या चटया आणि तरटे अंथरली. मे महिन्याच्या शेवटी ती पहिल्यांदा कोणाच्या आधाराशिवाय उभी राहिली. मी मोजले, सहा सेकंद.

म्हणूनच गाडी हवी होती. मागच्या भागाचे वजन चाकांनी पेलायचे, पंजे जमिनीला जेमतेम टेकलेले ठेवायचे आणि पुढे जाताना त्या पंजांनी चालण्याची हालचाल करत राहायची, असा डॉक्टरांचा हेतू होता. पडून राहिलेल्या पायाचे स्नायू फार लवकर झिजतात. ते परत आणायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

तुमच्या संकेतस्थळावर 'प्रत्येक कुत्र्याच्या मापानुसार बनवलेली' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. प्रत्यक्षात तुमच्या अर्जात एकच रकाना आहे, वजनाचा. शेंगी ५ ते १० किलोत बसली, म्हणून 'मध्यम' आकार आला. आमच्या शेजाऱ्यांचा पगही साडेआठ किलोचाच आहे. तो आणि शेंगी शेजारी उभे करून बघा. एकाच मापाची गाडी दोघांना कशी बसेल? जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची, कमरेची रुंदी, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, यातले काहीच तुम्ही विचारले नाही. मी आपणहून ही मापे मेलवर पाठवली होती. त्यावर 'आमचा आकार सर्व जातींना बसतो' असे उत्तर आले. ते पत्र पहिल्या पानावर लावले आहे.

गाडी आली तेव्हा पंजे जमिनीपासून दोन इंच वर लोंबकळत होते. मागचा भाग उचलला गेल्याने सगळा भार पुढच्या खांद्यांवर गेला आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या पाठीला उतार आला. उंची कमी करायचा स्क्रू सगळ्यात खालच्या भोकात लावूनही हीच गत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तिला एका वेळी पंधरा मिनिटांवर ठेवले नाही, तरी तिसऱ्या दिवशी जांघेतला पट्टा घासून कातडे निघाले. ज्या भागाला नीट जाणीव नाही तिथे जखम झाली तर कुत्रे ओरडतही नाही. हे तुमच्या कंपनीतल्या कोणालातरी ठाऊक असायला हवे होते. आम्हाला ती जखम आंघोळीच्या वेळी दिसली. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेले नाही. 'पट्ट्याला जाड फडके गुंडाळा' हा तुमच्या प्रतिनिधीचा सल्ला वाचून मात्र मला रडू आले.

जखमेमुळे डॉक्टरांनी गाडी आणि उभे राहण्याचा व्यायाम दोन्ही थांबवले. पाच आठवडे गेले. उजवी मांडी हाताला पुन्हा बारीक लागते. आज ती दोन सेकंदांच्या वर उभी राहत नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. मला १४,८०० रुपये आणि जखमेच्या उपचाराचे २,३५० रुपये परत हवेत. ते मुदतीत न मिळाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे शुल्कही नाही.

पण पैशांआधी अर्ज बदला. आजच्या आज. वजनाखाली उंची, रुंदी आणि लांबीचे रकाने घाला, माप कुठून कुठे घ्यायचे त्याचे चित्र द्या आणि कातडे रोज तपासण्याची सूचना गाडीवरच चिकटवा. आत्ता या क्षणी कोणीतरी घाबरलेल्या मनाने तुमच्या अर्जात फक्त वजन भरत असेल.

गाडी पुसून मूळ खोक्यात भरून ठेवली आहे. न्यायला येणाऱ्या माणसाने कृपया बेल वाजवू नये, खालून फोन करावा. बेल वाजली की शेंगी दाराकडे धावायला बघते, आणि जखम भरेपर्यंत तिला फरशीवर ओढत जाऊ द्यायचे नाही.

आपली,
शेंगीची पालक