कारुसोची पट्टी

सोलापूर,
१४ मे

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू नुसतं 'हो हो' करतोस, म्हणून पत्रच लिहायला बसलोय.

मामांच्या रेकॉर्डींचा खोका अखेर माझ्याकडे आला. गिरणीतली रात्रपाळी करून आलेले मामा दुपारी खिडक्या लावून इटालियन गाणी ऐकत बसायचे आणि आपण नवी पेठेतल्या त्या जिन्यात तोंड दाबून हसायचो. आठवतंय ना? मुंबईच्या चोरबाजारातून एकेक तबकडी हुडकून आणली होती त्यांनी. आज ते हसू आठवलं की फार वाईट वाटतं.

त्यात माझ्या हातून एक घोर चूक झाली. एल.पी.चा, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांचा, गठ्ठा मी माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला. आपल्याकडचा उन्हाळा तुला सांगायला नको. गायिका मारिया कॅलासचा 'तोस्का' हा इटालियन ऑपेरा, १९५३ साली मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाच्या मंडळींबरोबर मुद्रित झालेला, त्यातली एक तबकडी पार वाकली. सुई वर-खाली होते आणि आवाज लाटेसारखा हेलकावतो. मामांनी ती किती जपली होती! लाखेच्या जुन्या तबकड्या खाली भिंतीतल्या कपाटात उभ्या होत्या, म्हणून वाचल्या.

त्यातच कारुसो, तो जुना इटालियन गायक, सापडला. 'तोस्का'मधलंच गाणं, मरणाआधी नायक तारे आठवत गातो ते. हा ऑपेरा १९०० साली रोममध्ये पहिल्यांदा झाला आणि त्याची स्वरलिपी छापलेली आहे. म्हणजे या गाण्याचा षड्ज ठरलेला आहे : आपल्या पेटीवरची पांढरी सात. मी पेटी मोबाइलवरच्या ट्यूनरशी ताडून घेतली आणि रेकॉर्ड ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, वेगानं लावली. षड्ज धड सातवर नाही, धड वरच्या पांढरी एकवरही नाही, मध्येच लटकलेला! गायकानं सोयीसाठी पट्टी बदलली असती तर साथीची सगळी वाद्यंही पुरत्या एका पट्टीनं सरकली असती, अशी अधांतरी राहिली नसती. गोम वेगात होती. भोंग्यात तोंड घालून गाण्याच्या त्या जमान्यात, १९२५ च्या सुमारास विजेचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत, तबकडी किती वेगानं फिरवायची याला पक्का धरबंध नव्हता. बऱ्याच ७८ पेक्षा हळू फिरवून मुद्रित केलेल्या आहेत. आपण त्या ७८ वर लावतो आणि सगळं गाणं वर चढतं.

माझ्या टर्नटेबलला वेगाचं बटण आहे. एका हातानं पेटीचा सूर धरला आणि दुसऱ्या हातानं वेग केसाकेसानं उतरवत नेला. षड्ज सातवर बसला आणि काय सांगू! तोवर आवाज बारीक, घाई झाल्यासारखा होता. आता तोच भरदार झाला, छातीतून यायला लागला, कंप संथ झाला, शब्दांना श्वास मिळाला. मी तीच बाजू चार वेळा लावली. मामांनी हा आवाज कधी ऐकलाच नाही रे. त्यांच्या यंत्रावर ७८ चा वेग पक्का होता, तो कमी-जास्त करता येत नव्हता.

आता तुझ्याकडे मागणं आहे. तुमच्या वाड्यातली त्या जुन्या गायिकेची, गौहरजानची, रेकॉर्ड अजून आहे ना? फ्रेड गायसबर्ग नावाच्या माणसानं १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या हॉटेलात कारुसोची दहा गाणी १०० पौंडांत मुद्रित केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानंच कलकत्त्यात गौहरजानला भोंग्यासमोर उभं केलं. तिच्या तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हानोव्हरहून. आणि तबकडीतली लाख बहुतेक आपल्याच जंगलांतली!

पण तिची पट्टी कुठे छापलेली आहे? आपल्याकडे ज्याची त्याची पट्टी आपापली. साथीला पेटी असली तरी षड्ज एखाद्या पट्टीवर नेमका बसतो का, एवढंच कळणार. तो काळी चारवर की पांढरी सहावर, हे कळत नाही. मग रात्री एकदम सुचलं : गाणं संपल्यावर ती 'माय नेम इज गौहरजान' असं बोलते! गाणारा गळा फसवेल, बोलणारा फसवत नाही. वेग जास्त असला की बाईमाणूस लहान मुलीसारखं बोलतं, कमी असला की आवाज घोगरा होतो. त्या एका वाक्यावर वेग लावायचा, पेटीवर जवळची पट्टी धरायची आणि मग गाणं ऐकायचं. यासाठी माझा एकट्याचा कान पुरणार नाही. तुझा लागेल.

तेव्हा काकूंना विचारून ती रेकॉर्ड घेऊन ये. चादरीत गुंडाळ, पिशवीत उभी ठेव, आडवी ठेवून तिच्यावर काही रचू नकोस. लाख आहे ती, एका धक्क्यात दोन तुकडे होतात. दिवसा निघू नकोस, रात्रीच्या गाडीनं ये. पहाटे स्टेशनवर मी असेन. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घरात आहेच.

तुझा,
अण्णा