किती पडला, यापेक्षा किती वेळात पडला?

महोदय,

वळवाच्या पावसाच्या बातमीत दोन गोष्टी हमखास असतात : चोवीस तासांचा मिलिमीटरचा आकडा आणि ‘ढगफुटी’ हा शब्द. अचानक पूर का आला, हे दोहोंतूनही कळत नाही. दिवसभर रिमझिम पडलेला ६० मिमी पाऊस बराचसा जमिनीत मुरतो. तेवढाच एका तासात पडला, तर १० चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर ६० कोटी लिटर पाणी उतरते, म्हणजे सेकंदाला सरासरी १६७ घनमीटर. ओढ्यावरच्या मोऱ्या एवढ्यासाठी बांधलेल्या नसतात; त्यांत फांद्या आणि प्लास्टिक अडकले की पाणी रस्त्यावरून वाट काढते. ढगफुटीची हवामान विभागाची व्याख्या आहे तासाला १०० मिमी किंवा त्याहून जास्त, तेही साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरवर. पूर यायला त्याच्या निम्मा पाऊसही पुरतो.

‘अंदाज चुकला’ ही तक्रारही नेहमीचीच. उंचावरची हवा मोजण्यासाठी सकाळी सोडलेल्या फुग्याच्या नोंदींवरून दुपारी गडगडाटी ढग उभे राहण्यासारखी हवा आहे का, एवढे सांगता येते. त्यासाठी दमट हवा, उंचावर झपाट्याने कमी होणारे तापमान आणि हवा वर ढकलणारे काहीतरी, म्हणजे डोंगर किंवा समोरासमोर येणारे वारे, असे तिन्ही लागते. ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल हे सकाळी कोणीच सांगू शकत नाही. ते रडारवर पहिले ठिपके उमटल्यावर, फार तर दोन-तीन तास आधी कळते.

‘केप’चा, म्हणजे हवेला वर उसळायला उपलब्ध असलेल्या ऊर्जेचा, मोठा आकडा समाजमाध्यमांवर फिरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. केपवरून हवेचा वर जाणारा झोत किती जोरकस होऊ शकेल ते कळते, पाऊस किती पडेल ते नाही. केप जास्त पण मधल्या थरांतली हवा कोरडी असेल, तर गारा आणि सोसाट्याचा वारा येतो, पाण्याचा बराच भाग वाटेतच वाफ होऊन जातो. पुराचा खरा धोका असतो तो हवा वरपर्यंत दमट आणि वरचा वारा मंद असताना. तेव्हा ढग जागचा हलत नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे एक ढग पुढे सरकताच मागे, त्याच जागी, दुसरा तयार होणे. एकटा ढग तास-पाऊण तासात विरतो, पण अशी रांग लागली की तोच पाणलोट चार-चार तास झोडपला जातो. १६ ऑगस्ट २००४ रोजी इंग्लंडमधील बॉसकॅसल गावी हेच झाले. वरच्या डोंगरात २०० मिमीच्या आसपास पाऊस, तोही बहुतांश चार-पाच तासांत. आणि जवळच्या १० पर्जन्यमापकांपैकी ४ ठिकाणी ३ मिमीसुद्धा नाही. त्या चार ठिकाणच्या लोकांना अंदाज चुकलाच वाटला असणार!

रडारलाही मर्यादा आहेत. गारा असल्या की ते पाऊस फुगवून दाखवते. शिवाय त्याचा झोत अंतराबरोबर वर वर जातो. क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेला झोत १०० किलोमीटरवर जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असतो, आणि मध्ये डोंगर आला तर पलीकडचे काहीच दिसत नाही. म्हणून पाणलोटाच्या वरच्या भागात दर पंधरा मिनिटांनी नोंद पाठवणारे पर्जन्यमापक हवेत. पूर गावात यायच्या आधी पाऊस तिथे पडतो.

तेव्हा विनंती अशी, की आपण एकूण पावसाशेजारी त्या दिवसाचा सर्वाधिक तासाचा पाऊस आणि त्याची वेळ छापावी. इशारा छापताना तो कोणत्या तासांसाठी आहे हे ठळक द्यावे. ‘आज जोरदार पाऊस’ वाचून कोणी काय करायचे? आणि त्याच चौकटीत हेही असू द्या : डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात गडगडत असेल, तर ओढ्याच्या पात्रात उतरू नये. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात काटक्या-पाचोळा वाहू लागला, तर पात्र लगेच सोडावे. वाहत्या पाण्याची खोली ३० सेंटिमीटर झाली की लहान मोटार तरंगू लागते, ६० सेंटिमीटरला बहुतेक वाहने वाहून जातात. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे गाडीतून दिसत नाही.

– एक वाचक